पोळ्या लाटणारीवर सिनेमा निघत नाही

मागच्या रविवारी आईला सिनेमाला नेलं. हट्ट तिचाच होता. तिच्या भिशीतल्या बायकांनी "रुमाल घेऊन जा" असं बजावलं होतं. सोळा वर्षांची मुलगी, घरच्याच ओळखीच्या माणसानं तिच्यावर हात टाकलेला, आणि त्यातून ती कशी सावरते अशी गोष्ट. मी टाळू शकले असते. पण मी तेरा वर्षांची असताना आमच्याकडेही असा एक माणूस येत होता, आणि आईला ते कधी कळलं होतं का, हे मला आजवर माहीत नव्हतं. विचारायची हिंमत झाली नव्हती.

सिनेमा टुकार निघाला. मुलगी कपड्यांसकट शॉवरखाली बसून राहते. या दिग्दर्शकांकडे पाणी फार. आमच्या नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड यायचं. मग ती कात्रीनं स्वतःचे केस कापते आणि वेड्यावाकड्या केसांतही सुंदरच दिसते. तेवढ्यात एक समजूतदार मुलगा गिटार घेऊन हजर. शेवटी डोंगरावर जाऊन किंचाळते, वारा सुटतो, व्हायोलिनं वाजतात, आणि दोन तास दहा मिनिटांत पोरगी ठणठणीत. साधी सर्दीसुद्धा याहून जास्त दिवस घेते. लिहिणाऱ्याला अशी मुलगी कधी भेटलीच नसणार. किंवा भेटली असेल, आणि तिनं त्याला निमूटपणे चहा करून दिला असेल.

मी किंचाळले नाही. मी पोळ्या लाटल्या. आमच्याकडे येणारा तो माणूस म्हणजे बाबांचे साहेब. आम्ही काका म्हणायचो. दर रविवारी राजवाड्याजवळून कचोऱ्या घेऊन जेवायला यायचा. त्याची स्कूटर वाजली की, आईची पोळ्यांसाठी हाक यायच्या आतच, मी स्वयंपाकघरात शिरायची, ती तो जाईपर्यंत बाहेर पडायची नाही. हात सतत कणकेत. वर्षभरात माझ्या पोळ्यांना असे पदर सुटायला लागले की नात्यातल्या बायका हरखून गेल्या. "क्या बात है, इतकुशी पोरगी आणि पूरा किचन सांभाळते!" त्या नालायकानंही एकदा बैठकीतून ओरडून तारीफ केली. पुढे माझं लग्न जमलं तेही याच गुणावर. यावर कोण सिनेमा काढणार? पाठमोरी मुलगी आणि तवा, एवढंच तर दिसणार.

दिवे लागले तेव्हा आईचे डोळे सुजले होते. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, "बिचारी बच्ची! आणि ती आई कैसी? एका घरात राहून इतकं पण कळू नये?"

"तुला कळलं होतं?" मी विचारलं. कोणाबद्दल, ते सांगावं लागलं नाही.

तिनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "कळलं होतं. म्हणून तर ते आले की मी तुला किचनमध्ये हाक मारायची."

"आणि त्याला घरी येऊ नका म्हणून कधी सांगितलं नाहीस?"

"तुझ्या बाबांची नोकरी परमनंट व्हायची होती ना, बेटा."

ती पुन्हा रडायला लागली. मला तिची कीव आली नाही, शिसारी आली. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या स्वयंपाकघरात मी माझी मी लपले होते. सिनेमातल्या त्या आईला निदान माहीत नव्हतं. तिला मी माफ केलं असतं.