विरजणावर चालवलेला फर्मेंटर

"साहेब, त्या पोरीले आजच घरी पाठवा. टेस्ट करता येत नाही तिले," दिवाकरभाऊ म्हणाले.

दिवाकरभाऊ आमच्या कारखान्याचे मालक. पोरगी म्हणजे प्रणाली, आमची केमिस्ट. मी प्रॉडक्शन हेड. मेव्हणीच्या लग्नाला एकोडीला गेलो, तिथेच मलेरियाने असा आडवा झालो की वऱ्हाडी माझ्याच अंगावर अक्षता टाकायच्या बेतात होते. महिन्याने बरा होऊन परतलो, कारध्यापुढच्या आमच्या गेटात शिरलो, तो हे स्वागत.

भानगड अशी. आम्ही कोंबड्यांच्या खाद्यासाठी फायटेज नावाचं एन्झाइम बनवतो. धानाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर, पण कोंबडीला तो पचत नाही. फायटेज तो मोकळा करतं. ते बनवतं यीस्ट, आणि यीस्ट वाढतं आमच्या टाकीत, म्हणजे फर्मेंटरमध्ये. नागपूरच्या गिऱ्हाइकाने आमचं सँपल नापास केलं होतं. प्रणालीच्या टेस्टमध्येही तेच. एन्झाइम असलं की ज्या नळीत गर्द निळा रंग यायचा, ती गावच्या लग्नातल्या सरबतासारखी फिकट.

"टाकी पाहा ना," दिवाकरभाऊ म्हणाले. "पिठल्यावाणी घट्ट झाली. इतकी वाढ तुमच्या काळात कधी झाली का? अन् ही म्हणते एन्झाइमच नाही. काहून नाही?"

वाढ खरोखरच भयंकर होती. फेस फिल्टर फोडून शेडबाहेर आला होता. एक म्हैस त्यात दिसेनाशी झाली असं वॉचमन म्हणतो. मी म्हशीची हमी देत नाही, फेसाची देतो.

प्रणाली कोपऱ्यात उभी होती. "सर, मी तीनदा केली टेस्ट," एवढंच म्हणाली. टेस्ट येत नाही हा ठपका घेऊन ती बाहेर पडली असती, तर तिला दुसऱ्या लॅबने दारात उभं केलं नसतं.

"भाऊ, मी नसताना सीड कुठून घेतलं?" मी विचारलं. सीड म्हणजे बॅच सुरू करायचं मूळ यीस्ट. ते दरवेळी डीप फ्रीझरमधल्या नळीतून वाढवून घ्यायचं असतं.

"फ्रीझरचं कायले पाहिजे? दुधाचा धंदा केला मी. टाकीच्या तळाशी मागचा माल ठेवतो, त्याच्यावर नवं खाद्य सोडतो. विरजण कोणी दरवेळी नवं आणते का?"

"आणि खाद्य?"

"ते तुमचं पाणचट खाद्य बंद केलं. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट टाकलं भरभरून. पोटात गेल्याबिगर काम कोण करते, बाप्पा?"

मी खुर्चीत बसलो. मलेरिया परत यावा असं वाटलं.

आता हे समजून घ्या. साध्या यीस्टला आमचं फायटेज बनवता येत नाही. म्हणून दुसऱ्या बुरशीचा जीन प्लाझ्मिडवर बसवून त्याच्या पेशीत सोडलेला असतो. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं एक सुटं कडं. पेशीच्या दृष्टीने ही बिनपगारी ड्यूटी. नव्या पेशी जन्मताना एखादीच्या वाट्याला कडं येतच नाही. तिला काम नाही, म्हणून ती जोरात वाढते. त्यावर पहारा असा की आमच्या यीस्टला युरॅसिल हा एक जरुरीचा पदार्थ स्वतः बनवता येत नाही, आणि तो बनवायचा जीन त्याच कड्यावर ठेवलेला. खाद्यात युरॅसिल नसलं की कडं गमावलेली पेशी उपाशी राहते. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे यीस्टचाच अर्क, त्यात युरॅसिल ठासून भरलेलं. म्हणजे भाऊंनी पहारेकरी काढला, पंगत मांडली आणि वर त्याच ऐतखाऊंचं विरजण पुढच्या बॅचला लावत गेले.

हे भाऊंना सांगून उपयोग नव्हता. यीस्ट आणि दही ह्यांत त्यांच्या लेखी फक्त रंगाचा फरक. मी म्हटलं, "चार दिवस द्या. पोरीचं तोवर काही करू नका."

प्रणालीने टाकीतलं यीस्ट विरळ करून युरॅसिल असलेल्या खाद्याच्या प्लेटवर पसरलं. ठिपके उगवले, एकेक ठिपका एकेका पेशीची प्रजा. मग छापा. मखमलीचा तुकडा त्या प्लेटवर टेकवायचा आणि तोच दोन नव्या प्लेटींवर उमटवायचा. एकीत युरॅसिल आहे, दुसरीत नाही. मखमल माझ्या बायकोच्या लग्नातल्या ब्लाउजमधून उरलेली. फ्रीझरमधल्या यीस्टचाही तसाच छापा घ्यायचा.

छापे मी भाऊंच्याच हातून मारून घेतले. हातमोजे घालून त्यांनी ते अशा रुबाबात मारले, जणू तहसीलदार सातबाऱ्यावर शिक्का मारतोय. झाकणांवर सहीपण त्यांचीच.

प्लेटी उघडल्या. फ्रीझरचं यीस्ट दोन्हीकडे सारखंच भरगच्च. टाकीचं यीस्ट युरॅसिलच्या प्लेटवर गोवर उठल्यासारखं, आणि दुसरीवर कुठेतरी चार-दोन ठिपके, चुकून आल्यासारखे.

"दुसऱ्या प्लेटीत तुमी काही टाकलं असन," भाऊ म्हणाले.

"काहीच टाकलं नाही, तेच तर ती प्लेट दाखवून राहिली," प्रणाली म्हणाली. "अन् झाकणावरची सही तुमचीच आहे, भाऊ."

भाऊंनी सही नीट निरखून पाहिली. ती खोटी निघावी अशी त्यांची फार इच्छा होती.

वाफ सोडून टाकीतलं सगळं यीस्ट मारलं, टाकी धुतली. फ्रीझरमधून नवी नळी काढली, पाणचट खाद्य परत सुरू. यीस्ट रडतखडत वाढलं. भाऊ रोज काचेतून बघून उसासे टाकत, जणू घरचा पाहुणा उपाशी निजला. पण प्रणालीची नळी अशी निळी झाली की शाईचा कारखाना काढता आला असता. नागपूरने सँपल पास केलं.

भाऊ फोनवर नागपूरच्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमची केमिस्ट लय हुशार आहे जी. मीच तिले म्हटलं, पोरी, दोन प्लेटी लावून पाह्य." प्रणाली समोरच बसली होती. फोन संपल्यावर तिने फ्रीझरची चावी मागून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

धडा म्हणाल तर एवढाच: टाकी घट्ट दिसली म्हणून पेढे वाटू नका. आधी विचारा, यातल्या पेशी कामावर किती आल्या आणि नुसत्या जेवायला किती.