राणीसाहेबांना कोणी ओवाळायचं

आमच्या गावच्या चर्चमध्ये राजघराण्यातल्या एक बाई येणार, हे कळल्यापासून मराठी मंडळाला जे उधाण आलं ते मी दोन आठवडे गप्प बसून पाहिलं. जर्मनीत राजेशाही जाऊन शंभरावर वर्षं झाली. कायद्याने त्या बाई तुमच्याआमच्यासारख्याच नागरिक, फक्त आडनाव लांबलचक. पण आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्याच दिवशी त्या 'राणीसाहेब' झाल्या. वाल्डॉर्फला सॉफ्टवेअर कंपनीत भलेमोठे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या बायका नऊवारी की पैठणी यावर हमरीतुमरीवर आल्या.

आमचा या सगळ्याशी संबंध एवढाच, की गणपती आणि दिवाळी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये करतो. चर्चच्या छपराची दुरुस्ती नुकतीच झाली होती, तिला या घराण्याने मदत केली होती, म्हणून रविवारी प्रार्थनेनंतर हॉलमध्ये मेळावा होता. चर्चच्या पाद्रीबाईंनी, इथे त्यांना फारेरिन म्हणतात, दिवाळीत आमचं औक्षण पाहिलं होतं. त्यांना ते फार आवडलं होतं. त्यांनी मला अंगणात गाठून विचारलं, "पाहुण्यांचं तसंच दिव्याने स्वागत कराल का? आणि ते तुमच्या आईने करावं. तुमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ त्याच ना?"

आई दर उन्हाळ्यात तीन महिने माझ्याकडे येते. बुधवारी चर्चमध्ये म्हाताऱ्या माणसांची कॉफी असते, तिथे एकटी चालत जाते. जर्मनचे तिला चार शब्द येतात. तेवढ्यावर दोन तास क्रोशा विणत बसते आणि खाणाखुणांनी सगळ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करते. फारेरिनचा निरोप सांगितला तेव्हा म्हणाली, "मला कशाला गं?" पण दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर माझं निरांजन चिंच लावून लख्ख घासलेलं. वाती तिने घरीच वळल्या. तुपासाठी लोणी मात्र कुठलं घ्यायचं, यावर मला सुपरमार्केटमध्ये अर्धा तास उभं केलं. बाबा गेल्यापासून कशासाठी एवढ्या हौसेने झटताना मी तिला पाहिलंच नव्हतं.

रविवारी तिला दाराशी सोडून मी गाडी लावायला गेले. दहा मिनिटं लागली असतील. परत आले तर ताट मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या हातात, आणि आई मागे स्वयंपाकघराच्या खिडकीशी केक कापत उभी.

"तू रागावू नकोस हं," अध्यक्षबाई माझं तोंड बघूनच म्हणाल्या. "औक्षणाला सवाष्ण बरी, नाही का? शुभकार्य आहे. काकूंनाही पटलंय. हो ना काकू?"

आई हसली. "राहू दे गं. इथे तमाशा नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच बाईंनी महिला दिनाला याच हॉलमध्ये पाऊण तास भाषण ठोकलं होतं. बाईने बाईला कसं पुढे आणलं पाहिजे, वगैरे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! बाकीच्या पाचसहा जणी पदर सारखे करत होत्या.

"फारेरिननी माझ्या आईचं नाव घेतलं होतं," मी म्हणाले.

"अगं, त्यांना काय माहीत आपल्या पद्धती? आल्झो, चला, गाडी आली बघ."

गाडी साधीच होती. त्यातून ऐंशी ओलांडलेल्या एक बाई काठी टेकत उतरल्या. काळा कोट, चपट्या टाचांचे बूट, कानात मशीन. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. ही बातमी ग्रुपवर, खाली जोडलेल्या हातांचं चित्र लावून, टाकली होती ती अध्यक्षबाईंनीच.

आणि त्याच अध्यक्षबाई पुढे झाल्या. त्यांनी राणीसाहेबांना ओवाळलं. कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, पेढा भरवला. म्हाताऱ्या बाईंनी बिचाऱ्यांनी मान खाली घालून सगळं करून घेतलं. मग चौघीजणी एकामागोमाग वाकून त्यांच्या पाया पडल्या, तेव्हा मात्र त्या दचकून मागे सरकल्या आणि बुटाची नाडी सुटल्यासारख्या खाली बघायला लागल्या.

मला राहवलं नाही. मी मोठ्याने, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांचेही यजमान गेलेत. यांना कुंकू चालतं, आणि माझ्या आईने नुसतं ताट धरलेलं चालत नाही?"

अध्यक्षबाईंनी चेहऱ्यावरचं हसू जराही ढळू दिलं नाही. "त्यांचं वेगळं. त्या राजघराण्यातल्या आहेत."

भोवतालची जर्मन मंडळी कौतुकाने बघत होती. फारेरिनने मला विचारलं, "आत्ता तुम्ही म्हणालात तो काय मंत्र होता?"

खरं सांगायची ती वेळ होती. सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे ताट आईच्या हातात दिलं असतं, अशी बाई आहे ती. पण परक्यांपुढे आपल्या लोकांची लाज काढायला माझी जीभ रेटली नाही. "आशीर्वाद," मी म्हणाले.

"गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत अध्यक्षबाईंनी मान डोलावली.

त्या 'गेनाऊ'चा मला अजून राग येतो.

पुढे राणीसाहेब सगळ्यांशी हात मिळवत स्वयंपाकघरापर्यंत आल्या. आईने सुरी खाली ठेवून हात पुसला. "गुटेन टाग," आई म्हणाली. त्याही तेच म्हणाल्या आणि पुढे गेल्या. अर्धं मिनिटही झालं नसेल.

घरी येईपर्यंत गाडीत मी एकटीच बोलत होते. अध्यक्षबाई, मंडळ, आपला समाज, कुणाला सोडलं नाही. मंडळाचा राजीनामा उद्याच देते म्हणाले. आई खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने साडी बदलली आणि घडी घालायला दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"तुला काहीच कसं वाटत नाही?" मी तिच्यावरच चिडले. "बाबा गेल्यापासून लोक तुझ्या हातातलं ताट काढून घेतायत आणि तू हसून देतेस!"

"बाबा गेल्यापासून नाही," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "ते गेल्यावर मी दोन वर्षं राखीपौर्णिमेला तुझ्या मामाला ओवाळलं. कुणी काही बोललं नाही. तुझ्या लग्नात तुला ओवाळायला पुढे आले, तेव्हा तूच ताट घेतलंस माझ्याकडून. म्हणालीस, आई, मावशीला करू दे, सासरची माणसं बघतायत."

साडीचं टोक माझ्या हातात तसंच राहिलं. मावशीने ओवाळलेलं मला आठवत होतं, अल्बममध्ये तो फोटोही आहे. ताट तिच्याकडे कुणी दिलं, हे मी एवढ्या वर्षांत कधी आठवूनच पाहिलं नव्हतं.