काढून टाकलेला अर्धा सेकंद

निखिलचा पॅच चौथ्यांदा माझ्याकडे आला, तेव्हा सोबत चॅटवर एक ओळ होती. "आता पास कर ना, प्लीज."

पॅच म्हणजे कोडमधला बदल. आमची कंपनी पुण्यात आहे आणि दूध संकलन केंद्रांवरची मशीन बनवते. दूध ओतलं की लिटर आणि फॅट स्क्रीनवर दिसतं, ती मशीन. तिच्या आत लिनक्स चालतं. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, आणि कर्नलमधला जो भाग फक्त स्क्रीनशी बोलतो तो डिस्प्ले ड्रायव्हर. स्क्रीनला वीज कधी द्यायची, किती थांबायचं, मग कोणती कमांड पाठवायची, हे तो ठरवतो. तो कोड दुसरे लिहितात. मी सोनईत आमच्या घरी बसून तो वाचते आणि चुका दाखवते. पटला की खाली माझं नाव लिहिते. ते नाव त्या कोडच्या इतिहासात कायमचं राहतं.

वडिलांच्या ऑपरेशनसाठी दोन वर्षांपूर्वी घरी आले ती राहिले. शाळा नेवाशाला इंग्लिश मीडियममध्ये, मग कॉलेज आणि नोकरी पुण्यात, त्यामुळे गल्लीत मी फक्त 'सरांची मुलगी' आहे. आई-वडील सोडले तर दिवसभरात बोलणं व्हायचं ते निखिलशी, आणि तेही टाइप करून. त्याचा चेहरा मला नीट माहीत नव्हता. कॉलवर तो कॅमेरा बंद ठेवतो, मीही ठेवते. पण रोज एकच्या सुमारास तो विचारायचा, आज जेवायला काय. मी खरं सांगायचे. शेपू असेल तर शेपू.

त्याचे पहिले तीन पॅच मी परत पाठवले होते. तिसऱ्यानंतर दोन दिवस त्याने काही विचारलं नाही.

जुना ड्रायव्हर स्क्रीन चालू करण्याआधी प्रत्येक वेळी अर्धा सेकंद थांबायचा. एकदा बंद केल्यावर स्क्रीनमधली वीज पूर्ण उतरू द्या, असं स्क्रीन बनवणाऱ्यांनीच लिहून दिलेलं आहे. निखिलने पॅचमध्ये ते थांबणंच काढून टाकलं. त्याची टीप होती, 'कस्टमरला स्क्रीन लवकर उजळायला हवी आहे. अर्ध्या सेकंदात कुणी ती बंद करून परत चालू करत नाही.'

मला ते पटलं नव्हतं. पण मी चालवून बघितलं नाही. त्याचं प्रोबेशन त्या महिन्यात संपत होतं. मंगळवारी मी नाव लिहिलं. त्या दुपारी त्याने जेवायला काय ते विचारलं.

रिलीज शुक्रवारी होतं, म्हणजे त्या दिवशी हा कोड केंद्रांवरच्या मशीनमध्ये जाणार होता.

गुरुवारी सकाळी घरातलं दूध नासलं, म्हणून आईने मला संकलन केंद्रावर पाठवलं. लाईट गेलेली. केंद्र बबनकाका आणि त्यांची बायको चालवतात. मशीन आमच्याच कंपनीची, जुन्या कोडवरची. हे मी तिथे कधी कुणाला सांगितलेलं नाही. एकाचं दूध मोजून झालं की काका बाजूचं बटण दाबून स्क्रीन बंद करायचे. तेवढ्यात पुढचा कॅन टेकायचा आणि ते परत दाबायचे. टक, टक.

"काका, सारखी बंद का करता?"

"लाईट न्हाई ना. बॅटरी लई खाती ही काच."

"पण लगेच तर लावावी लागते."

काकू कॅन धुता धुता म्हणाल्या, "घरात बी आसंच हाय. मी खोलीतून पाय भाईर टाकला की बल्ब बंद."

"मग? लाईट काय तुझ्या माहेरून येती?" काका म्हणाले. रांगेतले हसले. "तू सरांची ना गं? किती देऊ?"

"अर्धा लिटर."

घरी येऊन मी कंपनीने टेस्टसाठी दिलेल्या मशीनवर निखिलचा कोड टाकला आणि काकांसारखं बटण दाबलं. टक, टक. काही झालं नाही. सातव्या वेळी स्क्रीन पांढरी झाली आणि तशीच राहिली. पूर्ण मशीन बंद करून चालू केल्यावरच आकडे आले. संकलनाच्या वेळी हे झालं तर रांगेतल्या माणसाला आपल्याच दुधाचं फॅट दिसणार नाही.

आधी निखिलला सांगितलं.

"तुला कसं सापडलं?" त्याने विचारलं.

"गावातल्या केंद्रावर बघितलं. ते असंच वापरतात."

मग आलं, "उद्या रिलीज होऊ दे. नंतर गुपचूप फिक्स पाठवतो. तुझ्याशिवाय कुणाला माहितीये?"

"तू स्वतः मागे घे. मी तासभर थांबते. तू घेतलास तर मी काही लिहिणार नाही."

"माझं प्रोबेशन आहे. तुला माहितीये."

"माहितीये."

तासभर थांबले. मग सगळ्या टीमला मेल लिहिली. 'या पॅचखालचं माझं नाव मी मागे घेते. मी टेस्ट न करता ते लिहिलं होतं.' खाली स्क्रीन पांढरी कशी होते त्याच्या पायऱ्या दिल्या. पाच मिनिटांत मॅनेजर मेघना मॅडमचा फोन आला.

"टेस्ट न करता? तू?"

"हो."

"तीन वेळा परत पाठवलास. चौथ्यांदा का सोडलास?"

दोन दिवस त्याने जेवायला काय ते विचारलं नव्हतं म्हणून, हे मॅडमना सांगण्यासारखं नव्हतं. "चुकलं," म्हणाले.

"रिलीज आता पुढच्या आठवड्यात जाणार. कस्टमरला काय सांगू मी?"

"लाईट नसताना बॅटरी पुरावी म्हणून लोक स्क्रीन सारखी बंद करतात, हे आपल्याला माहीत नव्हतं, असं सांगा."

"आपल्याला? तू राहतेस कुठे?"

"सोनईला."

"बरं" म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

निखिलने सोमवारी पाचवा पॅच पाठवला. चांगला होता. स्क्रीन कधी बंद झाली ते ड्रायव्हरने लक्षात ठेवायचं, आणि अर्धा सेकंद झाला नसेल तर उरलेला वेळच थांबायचं. त्यामुळे एरवी स्क्रीन लगेच उजळते. हे मला सुचायला हवं होतं. मी शंभर वेळा बटण दाबलं आणि मग नाव लिहिलं.

त्याचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलं. आता तो चॅटची सुरुवात 'हाय मॅम' अशी करतो आणि कामाचंच लिहितो. आम्ही एकाच वयाचे आहोत.

तेव्हापासून मी प्रत्येक पॅच आधी चालवते आणि तो कुणाचा आहे ते शेवटी बघते. निखिलचा मात्र न बघताही ओळखू येतो. त्याचा असेल तर टेस्ट दोनदा करते. माझा विश्वास उरला नाही असं त्याला वाटत असेल. तसं नाही. पहिल्या टेस्टच्या वेळी मला तो पास व्हावा असं वाटत असतं.