बॉल कुठाय?

चालू असलेली मॅच संपली असं समजून मी सायकलवर टांग मारली आणि निघालो. नुसता निघालो नाही, आपण जिंकलो म्हणून फोनवर सांगूनही टाकलं.

सांगितलं ते द हेगमधल्या आमच्या शेजारच्या डच आजोबांना. तरुणपणी ते इथल्या जुन्या बेसबॉल क्लबचे कॅचर होते. म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखे, बॅट्समनच्या मागे बसणारे. मला ते 'बुरमान' म्हणायचे, शेजारी या अर्थी, आणि कुंपणावरून खेळ शिकवायचे. खेळ कमी, वैर जास्त. कालव्यापलीकडचा क्लब पूर्वी यांच्यातूनच फुटलेला. भांडण म्हणे कॅन्टीनची किल्ली कोणाकडे राहायची यावरून. आजोबा त्या बाजूचा पावसुद्धा विकत घेत नसत.

कोरोनात दोन्ही क्लबांची रया गेली. सीझन संपला की दोघांचा मिळून एकच करायचा असं ठरलं. त्याआधीची शेवटची मॅच आली तेव्हा आजोबा केअर होममध्ये होते, दोन वाक्यांत दम लागायचा. आत कोणालाच सोडत नव्हते, आजींनासुद्धा.

"एकदा हरवू दे त्यांना," ते फोनवर म्हणाले. "मग काय हवं ते करा."

मैदानात प्रेक्षकांना बंदी. मी जाळीबाहेर सायकल लावून त्यांना कॉमेंटरी ऐकवत होतो. मी! ज्याला गल्लीतल्या क्रिकेटमध्ये स्कोअर लिहायला बसवायचे आणि तोही चुकायचा.

शेवटचा डाव. आपण एका रनने पुढे, त्यांचे दोन आउट. बॅट्समनने जोरात बॅट फिरवली आणि तिसऱ्यांदा हुकला. तीनदा हुकला की आउट, एवढं मला पाठ होतं.

"जिंकलो!" मी ओरडलो.

"बॉल कुठाय?" आजोबांनी विचारलं.

"बॉलचं काय घेऊन बसलात आजोबा, जिंकलो आपण!"

फोन खिशात टाकून तडक केअर होम गाठलं. त्यांच्या खिडकीखालच्या वाफ्यात उभा राहून नाचलो. आत आजोबांनी क्लबची टोपी काढून वर धरली. मग काचेला तळवा लावला. मीही बाहेरून लावला.

घरी येऊन निकाल बघितला. हरलो होतो. तिसऱ्यांदा हुकलेला बॉल कॅचरच्या हातून निसटला, तर बॅट्समनला पळायची मुभा असते. हा पळाला, आणि मागून आलेल्यांनी मॅच नेली.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायला गेलो, तर ते टोपी घालूनच झोपले होते. उद्या सांगू म्हटलं. उद्या पडदा ओढलेला होता.

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. आम्ही तो लॅपटॉपवर पाहिला. मध्येच चित्र अडकलं, आणि सुरू झालं तोवर सगळे उठून निघाले होते.

हिवाळा सरल्यावर आजी कुंपणाशी आल्या. टोपी कुंपणावर ठेवून नियमाप्रमाणे मागे सरकल्या. "तुझ्यासाठी ठेवलीय त्यांनी."

माझा हात पुढे होईना. "आजी, ती मॅच..."

"ठाऊक आहे. त्यांनाही होतं. संध्याकाळीच नर्सकडून निकाल बघून घेतला. मला फोनवर म्हणाले, त्याला सांगू नकोस, फार खुशीत नाचत होता."

मी विचारलं, "आणखी काही म्हणाले?"

"म्हणाले, सगळी फुलं तुडवली गाढवानं, बॉल तेवढा बघितला नाही."