पाकोळीचे कान आणि आबांचा ऊस

आमच्या घरात डोकं चालवायची कामं माझ्याकडे येतात, आणि मी ती मन लावून बिघडवतो. आबांचं, म्हणजे वडिलांचं, ऐकायचं यंत्र मीच निवडलं. फौजेत तोफांजवळ राहून त्यांचे कान गेलेले. मी कानामागं बसणारी दोन यंत्रं घेतली. का, तर टोपीखाली झाकली जातात, चारचौघांत दिसत नाहीत.

चहात चमचा फिरल्याचं ऐकू आलं तसे आबा खूश. "लय झालं की रं!" म्हणाले आणि पाटणजवळच्या गावी परतले. तिथं ते एकटे राहायचे ते केवळ उसासाठी.

डोक्यावर गेलेल्या उसाला पाणी पाजायला दोघं लागतात. एक पाटावर, दुसरा आत सरीच्या टोकाला. पाणी पोचलं की आतला हाळी देतो, बाहेरचा दुसऱ्या सरीला पाणी वळवतो. दिसत काहीच नाही, सगळा कारभार कानांवर.

दिवाळीत मी पाटावर होतो. शेवटची सरी भिजली तसं ओरडलो, "आबा, या आता बाहेर!" पाचटाची सळसळ लांब जायला लागली. मी आणखी जोरात ओरडलो, ते आणखी लांब. शेवटी पलीकडं भावकीच्या बांधावर निघाले, पाल्यानं तोंड कापलेलं.

"काय आबा, आमच्याबी उसाला पाणी पाजताय व्हय?" माझा चुलतभाऊ म्हणाला. सगळे हसले. मीही.

"हाक तिकडनंच आली," आबा एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी रान चुलतभावाला वाट्यानं दिलं आणि आमच्याकडं शहरात, विश्रामबागेत आले. "उसात वाट चुकणारा गडी काय कामाचा?"

मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. एका संध्याकाळी ती वहीत पाकोळीचा, म्हणजे छोट्या वटवाघळाचा, कान काढत बसली होती. आबांनी विचारलं, "एवढ्या घड्या कशाला गं?"

"आबा, आवाज ह्या घड्यांवर आपटून आत जातो. वरून आला तर वेगळा आपटतो, खालून आला तर वेगळा. त्यावरून तिला किडा कुठंय ते कळतं. आपल्याही कानाला घड्या आहेत. पुढचा आवाज, मागचा आवाज, त्यांच्यावरूनच कळतो." मग तिनं आबांच्या कानाकडं पाहिलं. "पप्पा, आबांच्या यंत्राचा माईक तर कानाच्या मागं आहे."

कानाच्या खळग्यात, घड्यांच्या आत बसणारंही मिळतं, हे दुकानदारानं मला पहिल्यांदाच सांगितलं होतं. ते टोपीखाली जात नाही, दिसतं, म्हणून मी नको म्हणालो होतो.

ते आणलं. मी आबांच्या पाठीमागं जाऊन हाक मारली. ते सरळ माझ्याकडं वळले.

"आबा, रान परत मागू या?"

"शब्द दिलाय. आता ह्यो ऊस तुटून परत फुटलेला खोडवा निघंस्तवर त्येचं हाय. आन् तवर मला सरीत वाकाय जमंल व्हय?"

हल्ली ते गॅलरीत बसतात. रिक्षा कॉलेजकडनं येतेय की स्टँडकडनं, न बघता सांगतात. बरोबर असतं. मी "वा!" म्हणतो, आणि आत येऊन उगाच पेपर उघडतो.