श्लुकेबिअर म्हणजे बिअरगिळे

नोंदणी कचेरीतल्या बाईंचा फोन सोमवारी सकाळी आला.

"फ्राऊ श्लुकेबिअर, बाकी सगळे कागद झालेत. लग्नानंतर नाव कोणतं लावणार, तेवढं शुक्रवारपर्यंत लिहून पाठवा."

एवढं बोलून बाई जरा थांबल्या आणि फोनमध्ये बारीकशी फुस्स ऐकू आली. हाइड्रुनला ती फुस्स पाठ होती. तिचं आडनाव घेतलं की सभ्य माणसं नाकानं हसतात आणि बाकीची तोंडानं. चौसष्ट वर्षांत तिला एवढाच काय तो फरक दिसला होता.

श्लुकेबिअर म्हणजे जर्मन भाषेत 'गीळ बिअर'. मराठीत आडनाव करायचं तर बिअरगिळे. आता आडनावावरून माणूस ओळखू नये हे खरंच. गोडबोले सगळेच गोड बोलत नाहीत आणि आगलाव्यांनी कुठं आग लावल्याचं ऐकिवात नाही. पण हाइड्रुनच्या बाबतीत देवानं जरा जास्तच गंमत केली होती. बत्तीस वर्षं लिंडेनरोडे गावच्या चर्चच्या किल्ल्या तिच्या कमरेला. वेदीवरची फुलं, मेणबत्त्या, कुठलं स्तोत्र म्हणायचं त्याचे आकडे फळीवर लावणं, सगळं तिच्याकडे. बिअरचा थेंब तिनं जन्मात जिभेला लावला नव्हता. तिचे वडील गवंडी. दुपारच्या सुट्टीत बाकीचे गवंडी बाटल्यांची बुचं उडवायचे आणि श्लुकेबिअर मिस्त्री भिंतीच्या सावलीत ताकाची बरणी उघडून बसायचा.

एकदा सकाळी नऊ वाजता पोलिसानं तिची गाडी थांबवली. शेजारच्या सीटवर रविवारच्या प्रार्थनेची फुलं होती.

"नाव?"

"श्लुकेबिअर."

पोलिसानं वहीतून मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं. "मग फुंकाच," म्हणाला आणि दारू तपासायची नळी पुढं केली.

या सगळ्याची सुरुवात पहिलीच्या वर्गात झाली होती. गुरुजींनी हजेरी घेताना "श्लुकेबिअर, हाइड्रुन" असं वाचलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "प्रोस्ट!" पेल्याला पेला लावताना माणसं म्हणतात ते. वर्ग हसून लोळला. गुरुजीही फळ्याकडे तोंड करून हसले. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत रोज हजेरीला "प्रोस्ट" झालंच. मग ते दुकानात आलं, गायकवृंदात आलं, तिच्या वडिलांच्या दफनाला तेवढं आलं नाही.

तो मागच्या बाकावरचा मुलगा म्हणजे एवाल्ड म्युलर. आणि आता येत्या शनिवारी हाइड्रुन लग्न करणार होती ती त्याच एवाल्डशी.

एवाल्डची बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. तिच्या कबरीवरच्या रोपांना पाणी घालायला तो रोज संध्याकाळी यायचा आणि हाइड्रुन त्याच नळावर चर्चच्या फुलांसाठी झारी भरायची. आधी तो तिची झारी उचलून द्यायचा. मग दोघांच्या झाऱ्या तोच न्यायला लागला. एका संध्याकाळी म्हणाला, "हाइड्रुन, दोन झाऱ्या एका फेरीत जातात. मग दोन घरांचे दिवे कशाला जाळायचे?"

तिनं विचार करायला आठ दिवस घेतले, प्रार्थना केली आणि हो म्हणाली. हो म्हणताना मनात आलेला पहिला विचार मात्र देवाला सांगण्यासारखा नव्हता. तो होता, 'सुटले एकदाची! आता मी म्युलर होणार.'

म्युलर म्हणजे चक्कीवाला. या देशात दगड भिरकावला तर तो म्युलरलाच लागायचा. लिंडेनरोडेत म्युलरांची अकरा घरं होती आणि एकातही साधं जातं नव्हतं. त्यामुळं गावात आडनावानं कुणी कुणाला ओळखतच नसे. घरांची जुनी नावं होती, तीच चालायची. एवाल्डचं घर विणकराचं. तिथं शंभर वर्षांत कुणी सूत हातात धरलं नव्हतं, पण तो 'विणकराकडचा एवाल्ड'. ओढ्यापलीकडचं घर लोहाराचं. म्युलर हे नाव फक्त टपालापुरतं आणि थडग्यापुरतं.

"हाइड्रुन म्युलर?" बेकरीवाली गिटा पाव कागदात गुंडाळत म्हणाली. पहिलीपासूनची मैत्रीण, त्यामुळं तिला बोलायला परवाना लागत नसे. "अगं, एक हाइड्रुन म्युलर आहे की खालच्या आळीला! तिचा कुत्रा चावरा आहे. लोक तक्रारी घेऊन तुझ्या दारात येतील."

"येऊ देत. कुत्र्याच्या तक्रारी ऐकून घेईन. प्रोस्ट आता नाही ऐकायचं मला."

"आणि सवय झाली असेल तर?"

"खरजेची पण सवय होते, गिटा. म्हणून काय ती जपायची?"

मंगळवारी ती निवृत्त पाद्री ब्रेडे यांच्याकडे वाटाण्याचं सूप घेऊन गेली. म्हाताऱ्याला नव्वदी जवळ आली होती. डोळे गेले होते, पण चर्चच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या त्यांना तोंडपाठ होत्या.

"मग नाव टाकणार तू?" त्यांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे या गावातले श्लुकेबिअर संपले म्हण. म्युलर लाखांनी आहेत. तुम्ही मात्र सगळ्या देशात मोजकेच, तेही बहुतेक आपल्याच टापूत. फोनच्या पुस्तकात डोळे मिटून बोट ठेव, म्युलर लागेल. श्लुकेबिअर शोधायला चष्मा लागतो."

"चष्मा लागला तरी चालेल हो, पण लोक हसतात ना शोधताना."

"हसणारच. हसायलाच दिलेलं नाव आहे ते." पाद्री खुशीत आले. "पूर्वी लोहारकाम, सुतारकाम शिकून पोरगा कारागीर झाला की बाकीचे कारागीर त्याच्या डोक्यावर बिअर ओतायचे आणि नवं नाव ठेवायचे. तसलंच हे दिसतंय. मोठ्ठा पिणारा असेल कुणी."

"बघा! म्हणजे दारुडाच मूळ पुरुष."

"ऐक तर. पोरं पोरंच असतात. टकल्याला ती केसाळ म्हणतात. तुझा बाप ताक प्यायचा, आजा ताक प्यायचा. एखादा ताक पिणाराच असेल की तो. सगळे ओतताहेत आणि हा तोंड मिटून बसलाय, म्हणून ओरडले असतील, गीळ बिअर!"

"वहीत असं लिहिलंय?"

"वहीत नाव लिहिलंय, कारण नाही. कारण देवाला ठाऊक."

घरी येताना हाइड्रुनला त्या तोंड मिटून बसलेल्या पोराची दया आली. पण दयेपोटी काही माणूस आडनाव ठेवत नाही. बुधवारी तिनं स्वच्छ अक्षरात अर्जावर 'म्युलर' लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि गुरुवारी टाकू म्हणून झग्याच्या खिशात ठेवलं. एवाल्ड कासेलला लेकीकडे गेला होता, सूट आणायला. तो म्हणाला होता, "नाव तुला हवं ते लाव. मी आयुष्यभर म्युलर आहे, मला त्यात काही विशेष सापडलेलं नाही."

गुरुवारी सकाळी साडेनऊला नव्या पाद्रींचा फोन आला. शहरातून आलेला हुशार मुलगा, येऊन तीन आठवडे झालेले, पाच गावं एकट्याच्या गळ्यात. बोलताना मागं गाडीचा आवाज येत होता.

"फ्राऊ श्लुकेबिअर, अकरा वाजता घंटा वाजवाल ना? एवाल्ड म्युलर काल संध्याकाळी वारले. घरच्यांना दुपारी भेटतो मी. देव त्यांना शांती देवो." आणि फोन बंद.

हाइड्रुन खुर्चीत बसली. कोणता एवाल्ड, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. तिच्या लेखी जगात एवाल्ड एकच होता. तिनं त्याच्या फोनवर फोन लावला. तो नेहमीप्रमाणे त्याच्याच स्वयंपाकघरात वाजला असणार, कारण एवाल्ड फोन बरोबर नेण्याची वस्तू मानत नसे. लेकीचा नंबर तिच्याकडे नव्हता. पावणेअकराला ती उठली, तोंड धुतलं, काळा कोट घातला आणि किल्ल्या घेऊन निघाली. बत्तीस वर्षांत घंटेला कधी उशीर झाला नव्हता. त्याच्या घंटेला तो करून कसं चालेल?

बाकीच्या घंटा आता बटणावर वाजतात. मरणाची घंटा लिंडेनरोडेत अजून दोरीनंच ओढतात. ती दोरी ओढत होती, रडत होती आणि रडता रडता देवाशी भांडत होती. 'मी नाव सुटल्याचा आनंद केला म्हणून माणूसच नेलंस होय रे? एवढ्याशा गोष्टीवरून?'

तेवढ्यात मनोऱ्याचं दार करकरलं. कासेलची बस आली होती. हातात सुटाची पिशवी घेऊन एवाल्ड आत आला, टोपी काढली आणि हळूच विचारलं,

"कोण गेलं गं?"

हाइड्रुननं वळून पाहिलं. दोरी तिच्या हातातून सुटली.

"तू," ती म्हणाली.

एवाल्डनं स्वतःकडे खालीवर पाहिलं. "मला कुणी कळवलं नाही."

यावर तिनं त्याला स्तोत्रांच्या पुस्तकानं तीनदा मारलं, मग त्याच्या कोटात तोंड खुपसलं. वर घंटा आपली मनाला येईल तशी डुलत होती, एक ठोका लांब, दोन जवळ.

"पाद्री म्हणाला, एवाल्ड म्युलर वारले," ती कोटातून बोलली.

"अगं, तो लोहाराकडचा एवाल्ड असेल! ब्याण्णव वर्षांचा, वृद्धाश्रमात होता तो. त्या शहरातल्या पोराला घरांची नावं कुठली माहीत? त्यानं कागदावरचं वाचलं."

दारात आता लोहाराकडची सून उभी होती, काळे कपडे घालून, फणफणत. "हाइड्रुनताई, आमच्या मामंजींची घंटा ही अशी? दोन ठोके आणि मग पिसाळल्यासारखी? माणूस ब्याण्णव वर्षं जगला, त्याला नीट पंधरा मिनिटं मिळू नयेत?"

एवाल्डनं पिशवी खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि दोरी धरली. "मी वाजवतो. नावानं माझीच आहे, मलाच शोभते." आणि त्यानं पुरती पंधरा मिनिटं एकसारखी, शांत, सुरेख घंटा वाजवली. दोघी बायका बाकावर बसून ऐकत राहिल्या. लोहाराच्या सुनेनं शेवटी डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमच्या वेळी कोण वाजवेल हो एवढी चांगली?"

ती गेल्यावर एवाल्ड घाम पुसत हाइड्रुनजवळ बसला. तिनं खिशातलं पाकीट काढून गुडघ्यावर ठेवलं होतं.

"काय लिहिलंयस?"

"म्युलर."

"हाइड्रुन, त्या पोरानं श्लुकेबिअर वारल्या असं सांगितलं असतं, तर गावात कुणी विचारलं असतं का, कुठली म्हणून?"

"नसतं."

"माझं नाव घेतलं तर माझी बायको होणारीसुद्धा चुकते. मी एकदा मेलो त्या नावानं, आता बास झालं." त्यानं टोपी हातात फिरवली. "तुझं नाव मला देशील का? म्हणजे, तुला ठेवायचं असेल तर."

देणं हा शब्द तिनं त्या नावाबाबत कधी ऐकला नव्हता. ते नाव टाकायचं असतं, सोसायचं असतं, फार तर लपवायचं असतं. ते कुणी टोपी हातात घेऊन मागेल, हे तिच्या स्वप्नात आलं नव्हतं. तिला तो तोंड मिटून बसलेला कारागीर पोरगा आठवला. घंटा वाजवताना देवाशी केलेलं भांडण आठवलं आणि लाजही वाटली. नावानं हाक मारली तर एकाच माणसानं वळून पाहावं, एवढंच तर नावाचं काम.

"लोक हसतील," ती म्हणाली.

"हसतील."

"पोलीस फुंकायला लावतील."

"फुंकीन."

"सुरुवात तू केलीस, एवाल्ड. पहिलीत. मागच्या बाकावरून."

"म्हणून तर मागतोय," तो खाली मान घालून म्हणाला. "मी केलेलं मीच निस्तरावं."

तिनं पाकीट फाडलं. दोन तुकडे केले, मग चार.

शुक्रवारी दोघं नोंदणी कचेरीत गेली. बाईंनी नवा अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "म्युलरसाहेब, तुम्ही... यांचं नाव घेणार? हे नाव टाकायला आलेली माणसं मी पाहिलीत. घ्यायला आलेले तुम्ही पहिलेच." मग जपून विचारलं, "दोन्ही नावं जोडूनही लावता येतात बरं. म्युलर-श्लुकेबिअर."

"नको," हाइड्रुन म्हणाली. "दळणही आणि दारूही? एक पुरे."

शनिवारी कचेरीच्या लहान खोलीत मावतील तेवढी माणसं आली. पुढच्या रांगेत कासेलची लेक, मागच्या रांगेत पहिलीच्या वर्गातले सहा जण, कुणी काठी टेकून, कुणी कानात यंत्र घालून. गिटानं ताटभर केक आणि सफरचंदाचा रस आणला होता. बाईंनी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "...आणि आजपासून वर एवाल्ड यांचं आडनाव, श्लुकेबिअर."

मग मागच्या रांगेतून, अठ्ठावन्न वर्षं दाबून धरल्यासारखा, सहा जणांचा एकच आवाज आला,

"प्रोस्ट!"

एवाल्ड कानापर्यंत लाल झाला. काय करावं कळेना, म्हणून त्यानं हाइड्रुनकडे पाहिलं. सभ्य माणसांसारखं नाकानं हसायचा तिनं प्रयत्न केला, पण तो साधला नाही. ती तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं सफरचंदाच्या रसाचा पेला उचलून त्याच्या हातात दिला.

"ऊठ," ती म्हणाली. "हजेरी झाली तुझी. गीळ आता."