तिसऱ्या फायनलची जर्सी

क्लबच्या स्टँडखाली दोन वॉशिंग मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि सव्वीस वर्षं त्या खोलीवर राज्य करणारी मावशी. प्रशिक्षक आले नि गेले, मावशी जागची हलली नाही. नंबर न बघता ती जर्सी ओळखायची. डाव्या कुशीवर गवताचे हिरवे ओरखडे असले तर डावा बचावपटू, कॉलर चावलेली असली तर कप्तान. मॅच संपल्यावर दोन तासांत सगळं धुऊन दोरीवर गेलंच पाहिजे, हा तिचा नियम होता.

मग तो हंगाम आला. कायम तळाशी गटांगळ्या खाणाऱ्या क्लबने चक्क पहिला चषक जिंकला. नेमक्या त्या फायनलआधी दोन्ही मशीन बिघडल्या होत्या आणि बाकीचे कपडे हाताने धुण्यातच वेळ संपला, म्हणून गोलकीपरची पिवळी जर्सी आदल्या मॅचच्या चिखलासकट मैदानात उतरली होती. मावशीला त्याची लाज वाटत होती आणि प्रशिक्षकाच्या डोक्यात मात्र भलताच किडा शिरला. ही जर्सी आता धुवायची नाही, असं त्याने फर्मान काढलं. पुढे लीगची फायनलही खिशात आली, तेव्हा त्याची खात्रीच पटली. उरली तिसरी फायनल.

"तिला पाणी लागलं, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घरी बसायचं, मावशी."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरं ऊर फुटेस्तोवर धावणार, ती स्वतः हाडं झिजवणार आणि श्रेय कुणाला, तर घामाच्या वासाला. पण नोकरी हातची घालवायची नव्हती, म्हणून तिने राग गिळला. "तुझं काय जातंय? एक कपडा कमी," नवरा म्हणाला. त्याच्याशी ती दोन दिवस बोलली नाही.

फायनलच्या सकाळी गोलकीपर दाराशी घुटमळला. "मावशी, एखादं मलम आहे का?" त्याने दंड उचलला. घामाने ताठ झालेली जर्सी घासून काखेत कातडी सोलून लालबुंद झाली होती. "हात वर केला की आग होते. साहेबांना सांगू नका."

"गोलकीपरने हात वर नाही करायचे, तर काय खिशात घालायचे? आण ती जर्सी इकडे."

तो नको नको म्हणत राहिला. मावशीने बाह्या सरसावल्या आणि जर्सी हातानेच धुतली. चार वेळा पाणी बदललं, तेव्हा कुठे पिवळा रंग दिसला.

दुपारी ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षकाने जर्सी नाकाशी धरली. "ही कुणी धुतली?" सगळे बुटांच्या नाड्या बघत बसले.

"मी," मावशी दारातून म्हणाली. "हरलात तर मी उद्यापासून घरी. जिंकलात तर ते यांच्या पायांमुळे. माझ्या साबणाचं नाव घ्यायचं नाही आणि त्या चिखलाचं तर मुळीच नाही."

विसाव्या मिनिटाला आपल्यावर गोल बसला. प्रशिक्षकाने मैदानाकडे पाहायचं सोडून मावशीकडे पाहिलं. तिने नजर खाली केली नाही. मध्यंतरानंतर आपल्या पोरांनी दोन गोल मारले आणि शेवटच्या मिनिटाला गोलकीपरने दोन्ही हात ताणून बॉल आडव्या दांड्यावरून बाहेर ढकलला. एका हंगामात तीन चषक. गावात असं कुणी पाहिलंच नव्हतं. मावशी खोलीत येऊन एकटीच ढसाढसा रडली आणि मग तोंड धुऊन मशीन लावायला उठली.

नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रशिक्षक स्वतः खाली आला. आवाजात साखर होती. "मावशी, यंदा गोलकीपरची जर्सी मॅचच्या सकाळीच धुवायची. हातानेच. चार पाणी. आणि साबण तोच, बरं का."

"बरं," मावशी म्हणाली.

तो जिना चढून वर गेला. मावशीने साबणाचं अर्धं उरलेलं खोकं उचललं, बाहेर झाडूवाल्याला देऊन टाकलं आणि दुकानात जाऊन दुसरा साबण आणला.